प्रवासासाठी घडलेली गाडी : एमिलिया मार्गावरील एक खरेदी

उत्तर इटलीत पो नदीच्या सपाट खोऱ्यातून एक रस्ता जवळजवळ सरळ रेषेत जातो. ख्रिस्तपूर्व 187 मध्ये रोमन कॉन्सल मार्कुस एमिलियुस लेपिदुस याने तो बांधविला. समुद्रकाठच्या रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत जाणाऱ्या या रस्त्याला आजही त्याच्याच नावाने ‘व्हिया एमिलिया’ म्हणतात. रस्ता सैन्यासाठी झाला; पण त्याच्या काठची पार्मा, रेज्जो, मोदेना, बोलोन्या ही नगरे शतकानुशतके नांदती ठेवली ती व्यापाराने. धान्य, चीज आणि बोलोन्याचे रेशीम यांच्या गाड्या याच वाटेने गेल्या.

गेल्या शतकात या प्रदेशाची ओळख आणखी एका वस्तूने झाली. मोदेना आणि बोलोन्या यांत अंतर अवघे चाळीस किलोमीटर. परंतु एवढ्याच टापूत मासेराती, फेरारी आणि लॅम्बोर्गिनी हे तीन मोटार-कारखाने आहेत. त्यांच्या शर्यतीच्या गाड्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. या कारखान्यांनी दुसऱ्याही एका जातीची मोटार घडविली, तिला इटालियन भाषेत ‘ग्रान तुरिस्मो’ म्हणजे ‘मोठा प्रवास’ असे नाव आहे. दोघांनी किंवा चौघांनी सामानासह बसावे, सकाळी एका देशातून निघावे आणि न थकता संध्याकाळी दुसऱ्या देशात उतरावे, एवढ्यासाठी ही गाडी.

नवी असताना या गाडीची किंमत सामान्य व्यापारी कुटुंबाच्या हिशोबात बसत नाही. दहा-पंधरा वर्षांनंतर मात्र तीच गाडी मूळ किमतीच्या लहानशा अंशात मिळू लागते, आणि युरोपात स्थायिक झालेल्या अनेकांना तिचा मोह पडतो. हा मोह विवेकाने कसा हाताळावा, हे शिकण्यासाठी या गाड्यांच्या जन्मभूमीसारखी दुसरी शाळा नाही.

तोरिनो : रस्त्यांची नावे धारण करणाऱ्या गाड्या

या जातीच्या मोटारीचा उगम पाहायचा तर आधी पश्चिमेला, आल्प्स पर्वताच्या पायथ्याच्या तोरिनो शहरात जावे लागते. तेथे 1899 मध्ये फियाट आणि 1906 मध्ये विन्चेन्झो लान्चा यांची ‘लान्चा’ कंपनी सुरू झाली. लान्चाने आपल्या गाड्यांना प्राचीन रोमन रस्त्यांची नावे दिली : आप्पिया, औरेलिया, फ्लामिनिया, फ्लाविया, फुल्विया. गाडीचे मोल ती चालते त्या वाटेवरून ठरते, हा भाव त्या नावांतच आहे.

1950 साली आलेल्या औरेलियात सहा सिलिंडरचे ‘व्ही’ आकाराचे इंजिन होते; व्यापारी उत्पादनातील मोटारीत असे इंजिन प्रथमच बसविले गेले. गिअरपेटी मागील चाकांजवळ ठेवल्यामुळे पुढचा व मागचा भार तोलला गेला. पुढच्याच वर्षी, 1951 मध्ये, तिची ‘बी 20 जीटी’ ही दोन दारांची आवृत्ती आली. त्या वर्षीच्या ‘मिल्ले मिल्या’ या हजार मैलांच्या शर्यतीत तिने फेरारीच्या मागोमाग दुसरा क्रमांक मिळविला. इंजिन फेरारीच्या निम्म्याहूनही लहान होते. लांबच्या वाटेवर कामी आला तो तोल. ‘जीटी’ ही दोन अक्षरे जगभरच्या मोटारींवर झळकू लागली, त्यामागे या गाडीचा वाटा मोठा आहे.

या गाडीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या काळच्या लान्चामध्ये आसने बहुधा लोकरी कापडाची असत आणि तोरिनोकर ते कापड ‘पान्नो लान्चा’ या नावाने ओळखत. कातडे उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गारठते. लांबच्या प्रवासात कापडच सुखाचे. जुन्या काळच्या शाही मोटारींतही पुढे चालकाच्या जागी कातडे आणि मागे मालकाच्या जागी कापड, अशीच रीत होती.

मोदेना : लोखंडाच्या व्यापाऱ्याचा कारखाना

मासेराती बंधूंनी आपला कारखाना 1914 साली बोलोन्यात सुरू केला. तेथील चौकात वरुणदेवासारख्या नेपच्यूनचे सोळाव्या शतकातील कारंजे आहे. त्याच्या हातातील त्रिशूळ गाडीचे चिन्ह झाला. 1937 मध्ये लोखंड आणि भंगाराच्या व्यापारातून उद्योगपती झालेले मोदेनाचे आदोल्फो ओर्सी यांनी हा कारखाना विकत घेतला व पुढे आपल्या गावी आणला. मोदेनाच्या चिरो मेनोत्ती मार्गावर तो आजही उभा आहे. शर्यतींच्या कीर्तीने पगार भागत नाहीत, हे व्यापाऱ्याच्या घराला कळले असावे. 1957 मध्ये तेथे ‘3500 जीटी’ ही प्रवासी मोटार आली आणि मासेरातीने प्रथमच ठरावीक नमुन्याच्या गाड्या नियमितपणे घडवून विकायला सुरुवात केली.

मोदेनाच्या दक्षिणेस मारानेल्लो आहे. मोदेनात 1898 साली जन्मलेल्या एन्झो फेरारी यांनी युद्धकाळात, 1943 मध्ये, आपले काम तेथे हलविले. बोलोन्याच्या बाजूस सांताआगाता गावी लॅम्बोर्गिनीचा कारखाना आहे. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टरवाले. युद्धानंतर लष्कराने टाकून दिलेल्या वाहनांच्या भागांतून त्यांनी शेतकऱ्यांसाठी ट्रॅक्टर बनविले, त्यात धन मिळविले आणि 1963 मध्ये मोटार कंपनी काढली. त्यांची पहिली विक्रीची गाडीही ‘350 जीटी’ म्हणजे प्रवासीच होती.

भंगार, ट्रॅक्टर, शेती-अवजारे यांच्या शेजारी या मोटारी जन्मल्या, म्हणून मोदेनाच्या गल्लीबोळांत अजूनही लहान लहान कारागीर दिसतात. कोणी फक्त गिअरपेट्या उघडतो, कोणी पत्र्यावर हातोडी चालवतो, कोणी आसने शिवतो. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी या प्रदेशाचे खरे धन हेच. दिखाऊ विक्रीदालनापेक्षा अशा कारागिराचा तासभराचा सल्ला अधिक मोलाचा ठरतो.

आधी प्रवास ठरवावा, मग गाडी

बहुतेक खरेदीदारांची गफलत आरंभीच होते. ते गाडीच्या रूपावर भाळतात आणि उपयोगाची जुळणी नंतर करतात. व्यवहारी मनुष्याने उलट क्रम धरावा : किती माणसे, किती सामान, वर्षाकाठी किती किलोमीटर, गाडी उभी कोठे राहणार, आणि जवळचा जाणकार कारागीर किती दूर?

या कसोटीवर काही गाड्या लगेच मागे पडतात. अल्फा रोमिओची 1995 ते 2005 या काळातील ‘जीटीव्ही’ दिसायला अत्यंत देखणी; पण तिची डिकी लहान, म्हणजे दोन पिशव्यांतच भरणारी. फियाटची पाच सिलिंडरांची टर्बो ‘कूपे’ वेगवान आणि स्वस्त. परंतु इंजिनाच्या आतील वेळ सांभाळणारा टायमिंग पट्टा बदलायचा तर इंजिनच खाली उतरवावे लागते. हा पट्टा ठरलेल्या मुदतीत बदलला नाही आणि तुटला, तर झडपा पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. स्वस्त गाडीचा महाग देखभालखर्च तो असा.

फेरारीची 1992 साली आलेली ‘456’ ही पुढे बारा सिलिंडरचे इंजिन असलेली, चार आसनांची खरी प्रवासी गाडी. इंजिन पुढे असल्याने पट्ट्याचे काम त्यातल्या त्यात सुलभ होते. तरीही तिचा प्रत्येक सुटा भाग फेरारीच्या भावाने मिळतो. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. जुन्या उंची गाडीचा सारा हिशोब या एका वाक्यात येतो.

मध्यम मार्गावर दोन गाड्या उरतात. पहिली मासेराती ‘ग्रानतुरिस्मो’. 2007 ते 2019 या काळात मोदेनाच्या कारखान्यात ती तयार झाली. रूप पिनिनफारिनाचे आणि आठ सिलिंडरांचे इंजिन मारानेल्लोच्या फेरारी कारखान्यातून आलेले. ‘क्वात्रोपोर्ते’ या चारदारी गाडीच्या पायावर ती उभी असल्याने मागील आसनांवर प्रौढ माणसे खरोखर बसू शकतात. अशा गाड्यांत हे दुर्मीळ. डिकी 260 लिटर. लांबी 4.88 मीटर, त्यामुळे जुन्या शहरातील वाहनतळ अडचणीचे. शंभर किलोमीटरला सुमारे चौदा लिटर पेट्रोल लागते, म्हणजे एका लिटरला जेमतेम सात किलोमीटर.

दुसरी अल्फा रोमिओची 2003 ते 2010 मधील ‘जीटी’. रूप बेर्तोने यांचे, लांबी साडेचार मीटरच्या आत, मागचा दरवाजा वर उचलणारा आणि डिकी 320 लिटरची. तिला 150 अश्वशक्तीचे डिझेल इंजिनही मिळत असे. त्रिशूळाचा रुबाब तिच्यात नाही. पण कुटुंबाला घेऊन दर महिन्याला हजार किलोमीटर जायचे असेल, तर ‘मोठा प्रवास’ या नावाला ती अधिक जागते.

गिअरपेटीचाही विचार हवा. मासेरातीच्या 2002 ते 2007 च्या ‘कूपे’ गाडीत ‘काम्बियोकोर्सा’ नावाची यंत्रणा येई. तीत क्लच असतो, पण तो पायाने नव्हे, तेलाच्या दाबाने यंत्रच दाबते. शहरातील थांबत-चालत गर्दीत तो लवकर झिजतो. किती झिजला आहे याची टक्केवारी कारखान्याच्या तपासणी-यंत्रावर वाचता येते. ती वाचल्याशिवाय व्यवहार करू नये. ग्रानतुरिस्मोच्या साध्या आवृत्तीत मात्र नेहमीची सहा गतींची स्वयंचलित पेटी आहे. ती कमी रोमांचक, पण कितीतरी निर्धास्त.

अस्तेयाचे अतिचार आणि जुन्या गाडीची बाजारपेठ

जुन्या मोटारीची तपासणी म्हणजे यंत्रज्ञाचे काम असा समज आहे. वास्तविक अर्धे काम वही वाचण्याचे आहे, आणि ते व्यापारी कुटुंबांना उपजत येते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य-अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांपैकी काही या बाजारपेठेला तंतोतंत लागू पडतात.

पहिला तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणे. इटलीत प्रत्येक मोटारीची मालकी ‘पीआरए’ या सार्वजनिक नोंदवहीत असते. ती देशाचा ऑटोमोबाइल क्लब सांभाळतो. अल्प शुल्क भरून कोणालाही उतारा मिळतो. खरा मालक कोण, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, आणि थकलेल्या सरकारी देण्यापोटी तिच्यावर प्रशासकीय जप्तीची नोंद आहे का, हे त्यावरून कळते. अशी नोंद असलेली गाडी रस्त्यावर चालविताच येत नाही. तिची किंमत मोहक वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरा हीनाधिक-मानोन्मान, म्हणजे खोटी मापे. तराजूऐवजी येथे गाडीचा मीटर असतो आणि तो मागे फिरविला जातो. इटलीत नव्या गाडीची सरकारी तपासणी चौथ्या वर्षी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. त्या वेळी किलोमीटरची नोंद होते. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला की शेवटच्या तपासणीवेळचा आकडा दिसतो. तो आकडा, सर्व्हिसची पुस्तिका आणि कारागिरांची बिले यांची खतावणी जुळली पाहिजे. जेथे जुळत नाही, तेथे विक्रेत्याचे गोड बोलणे ऐकत बसू नये.

तिसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे एक दाखवून दुसरे देणे. अपघातात वाकलेली गाडी रंगवून नवी केली जाते. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र पत्र्यावर ठेवले की कोठे दुबार रंग चढला ते समजते. टायरवर चार अंक कोरलेले असतात. ‘2319’ म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. नक्षी शाबूत असूनही दहा वर्षांचे रबर कडक झालेले असते. पर्वतभागात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून गाडी उचलून तिचा तळ पाहणे आवश्यक. ग्रानतुरिस्मोच्या आरंभीच्या इंजिनांत झडपांची वेळ बदलणारा भाग झिजल्याच्या तक्रारी आढळतात. इंजिन पूर्ण थंड असताना ते सुरू केले, तर पहिल्या एक-दोन क्षणांत येणाऱ्या खडखडाटाने ही झीज ओळखता येते. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे. आतील बटणांवरचा मऊ लेप कालांतराने वितळून चिकट होतो. हा दोष किरकोळ खरा, पण किंमत उतरविण्यास उपयोगी.

या सर्वांहून एक फसवणूक सूक्ष्म आहे आणि ती बहुधा खरेदीदार स्वतःचीच करतो. पंधरा वर्षांची गाडी फक्त अठरा हजार किलोमीटर चालली असे वाचले की त्याला हर्ष होतो. पण उभी राहिलेली गाडी झिजत नाही हे खरे नव्हे. तेलात ओल धरते, रबरी सील सुकतात, ब्रेक गंजतात, बॅटरी पुन्हापुन्हा मरते. त्याउलट नव्वद हजार किलोमीटर चाललेली, दरवर्षी वेळेवर सर्व्हिस झालेली आणि प्रत्येक बिल जपलेली गाडी अधिक निरोगी असते. मोदेनाचे कारागीर म्हणूनच मीटर पाहण्याआधी बिलांची जाडजूड फाइल मागतात.

वीस वर्षांचे गणित

जुन्या गाडीचे अर्थकारण समजण्यासाठी इटलीच्या करपद्धतीचे उदाहरण बोलके आहे. रस्ताकर तेथे इंजिनाच्या किलोवॅटवर आकारला जातो. शिवाय 2012 पासून 185 किलोवॅटच्या पुढील प्रत्येक किलोवॅटला 20 युरो असा अधिभार आहे. 405 अश्वशक्तीची ग्रानतुरिस्मो 298 किलोवॅटची, म्हणजे मर्यादेपेक्षा 113 अधिक. वर्षाचा अधिभार झाला 2,260 युरो. गाडी पाच वर्षांची झाली की त्याच्या 60 टक्के म्हणजे 1,356, दहा वर्षांनी 30 टक्के म्हणजे 678, पंधरा वर्षांनी 15 टक्के म्हणजे 339, आणि वीस वर्षांनी शून्य. साडेतीन हजार घनसेंटिमीटरच्या आतली आणि 240 अश्वशक्तीची असूनही अल्फा जीटीचे सहा सिलिंडरचे इंजिन 185 च्या आतच राहते. तिला हा अधिभार पहिल्या दिवसापासून नाही.

म्हणजे वय वाढेल तसे किंमत आणि कर खाली येतात, परंतु देखभालीची रेषा वर जाते. या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात, त्या जागेच्या आसपास खरेदी करणे शहाणपणाचे. गाडीच्या किमतीएवढेच महत्त्व बाजूला काढून ठेवलेल्या गंगाजळीला आहे. ज्याची सर्व पुंजी गाडी घेण्यातच संपते, त्याच्या दारात ती पहिल्या मोठ्या दुरुस्तीला उभी राहते, आणि उभ्या गाडीचे काय होते ते वर आलेच आहे.

भारतातील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. परदेशातून वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि तिचे स्टिअरिंग उजव्या बाजूस असावे, असा आपला नियम आहे. शिवाय जकात भारी. तेव्हा येथे वर्णिलेली खरेदी युरोपात राहणाऱ्या आप्तांसाठी. अँटवर्पच्या हिरेबाजारात जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत; त्या शहराच्या विल्रेइक भागात पांढऱ्या संगमरवरी दगडाचे जैन मंदिरही उभे आहे. इटलीच्या व्हिचेन्झा शहरात भरणाऱ्या सुवर्ण-प्रदर्शनाला भारतीय जवाहिरे नेमाने जातात. अशा घरांत हा प्रश्न केव्हा ना केव्हा निघतोच.

कातड्याचा प्रश्न

या प्रदेशात प्रवास करणाऱ्या जैन कुटुंबाला एक गोष्ट पहिल्याच जेवणात कळते : बाहेरून निरामिष दिसणारे आतून तसे असेलच असे नाही. पार्माचे जगप्रसिद्ध चीज दुधाचे खरे. पण ते विरजण्यासाठी नियमानुसार वासराच्या जठरातील द्रव्य वापरले जाते. मोदेनाची तळलेली पुरी परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात. म्हणून विचारावे लागते, आणि विचारण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

मोटारीचेही तसेच आहे. या गाड्यांचे अंतरंग म्हणजे कातडे. मासेराती आणि फेरारीची आसने सजविण्यासाठी मार्के प्रांतातील तोलेन्तिनो येथील ‘पोल्त्रोना फ्राउ’ हे नाव प्रसिद्ध. व्हिचेन्झाजवळचे आर्झिन्यानो गाव कातडी कमावण्याच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, आणि तेथील मालाचा मोठा ग्राहक मोटारउद्योग आहे. एका गाडीच्या पूर्ण अंतरंगाला अनेक जनावरांची कातडी लागते.

येथे कुटुंबात वाद होतो. तरुण म्हणतात : गाडी जुनी आहे. हिंसा आपण केली नाही, करविली नाही. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याने घेतलेल्या वस्तूचा दोष आपल्याला कसा? वडीलधारी म्हणतात : कृत आणि कारित टळले, अनुमोदनाचे काय? ज्या आसनावर रोज आनंदाने बसायचे, त्याची मनोमन प्रशंसा होणारच.

या वादात व्यापाऱ्याच्या अनुभवातून आणखी एक मुद्दा पुढे येतो. नवी वस्तू घेणारा मनात जुन्याचा भाव धरूनच घेतो. जुन्या बाजारात कातडी अंतरंगाला चढा भाव मिळाला, तर नव्या गाडीच्या ग्राहकालाही तेच मागण्याचा धीर येतो. म्हणजे जुन्याची खरेदी मागणीपासून पूर्णपणे अलिप्त आहे असे म्हणता येत नाही. दुवा लांबचा आहे, तुटलेला नाही.

सुदैवाने पर्याय याच देशात आहेत. ‘अल्कान्तारा’ हे मऊ, सुखद वस्त्र इटलीच्या उंब्रिया प्रांतात नेरा मोन्तोरो येथे तयार होते. मूळ शोध जपानचा, 1970 चा. घटक पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन, प्राणिज काही नाही. लान्चाच्या अनेक गाड्यांत ते वापरले गेले. अल्फा जीटीच्या साध्या आवृत्त्यांत कापडी आसने मिळत. 1981 च्या मासेराती ‘बितुर्बो’मध्ये आरंभी मिस्सोनी या वस्त्रगृहाचे कापड होते. सावधगिरी मात्र येथेही हवी : मासेरातीच्या अलीकडच्या काही चारदारी गाड्यांत ‘झेन्या’चे कापड मिळत असे, पण ते रेशमाचे, आणि रेशमाच्या एकेका धाग्यामागे किती जीव जातात, हे जैन वाचकांना सांगायला नको. कापडी आसनांच्या गाडीतही स्टिअरिंगवर व गिअरच्या मुठीवर बहुधा कातडेच असते. इटलीत आसने शिवणारे कारागीर ते काढून अल्कान्तारा चढवून देतात. हा खर्च किमतीची बोलणी करतानाच हिशोबात धरावा.

विलक्षण गोष्ट अशी की बाजारात कापडी आसनांची गाडी ‘साधी’ समजली जाते आणि तिचा भाव उतरतो. जो व्रतासाठी कापड निवडतो, त्याला ती स्वस्तात मिळते. आणि औरेलियाच्या काळातील तोरिनोकरांप्रमाणे तो अधिक सुखाने प्रवासही करतो.

फूताचा घाट

कागद जुळले, कारागिराने होकार दिला, की शेवटची परीक्षा रस्त्यावर. बोलोन्याहून फिरेन्झेकडे जाणारा जुना मार्ग अपेनाइन पर्वत ओलांडतो. राटिकोझाची खिंड 968 मीटर उंचीवर, फूताची 903 मीटरवर. डोंगरउतारावर चेस्टनटची झाडे, दगडी घरांची गावे आणि वळणामागून वळण. ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीच्या गाड्या परतताना याच घाटातून धावत. 1957 मध्ये मान्तोवाजवळ झालेल्या भीषण अपघातात चालकांबरोबर रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि मुलेही मृत्युमुखी पडली, आणि ती शर्यत त्या रूपात कायमची थांबली. आज खाली बोगद्यांचा नवा महामार्ग आहे आणि त्यावर वेगमर्यादा आहे. चारशे अश्वशक्ती असो की दीडशे, कायद्याने पोहोचण्याची वेळ एकच.

घाटात गाडी सावकाश न्यावी. चढावर इंजिनाचे तापमान स्थिर राहते का, उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरते का, खडबडीत जागी पुढील चाकांतून ठकठक ऐकू येते का, हे पाहावे. मग मागच्या आसनावर घरातील ज्येष्ठांना अर्धा तास बसवावे आणि त्यांच्या पाठीला विचारावे. ही तपासणी कोणत्याही यंत्राने होत नाही, आणि कुटुंबाच्या गाडीसाठी हिच्याइतकी निर्णायक दुसरी नाही.

श्रावकाच्या चौदा नियमांत वाहनाचाही नियम आहे आणि दिशेचाही : आज किती वाहने वापरणार, किती दूर जाणार. रोज सकाळी ही मर्यादा मनाशी ठरविणारे घर गाडी घेतानाही तोच प्रश्न विचारते. दोन गाड्या असतील तर एक काढून टाकून तिच्या जागी ही यावी. घेतली तर ती चालवावी, तीर्थयात्रेला न्यावी, आजी-आजोबांना दाखवावी आणि तिची वही नीट ठेवावी. पुढच्या खरेदीदाराला मीटरचा खरा आकडा आणि प्रत्येक बिल हाती देता यावे. गॅरेजमध्ये चादरीखाली झाकून ठेवायची असेल, तर मोदेनाच्या कारागिराचा आणि घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला एकच असेल : घेऊ नये.